क्रिएटिनिन छान आलंय, मग इको कशाला?

डायबेटिसमुळे किडनी गेली आणि नंतर ट्रान्सप्लांट झालं अशा वाचकांना मी मागच्या वेळी म्हटलं होतं की तुम्हाला काय सतावतं ते लिहून पाठवा. भरपूर मेल आले, मनापासून आभार. बहुतेक मेलमध्ये पहिल्याच ओळीत क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी रक्त किती साफ करतेय ते सांगणारा आकडा, एकाने तर दोन वर्षांचे सगळे आकडे तारखेसकट टाइप करून पाठवलेत, आणि हृदयाबद्दल विचारणारे मात्र मोजकेच. म्हणून यावेळी मुद्दाम तेच मेल उत्तराला घेतलेत. ट्रान्सप्लांटनंतर पेशंट ज्या कारणांनी दगावतात त्यात इन्फेक्शन आणि कॅन्सरच्या बरोबरीने हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार अगदी वर असतात, आणि त्यातल्या कितीतरी जणांची नवी किडनी शेवटच्या दिवसापर्यंत उत्तम चालू असते. हे लिहिताना मलाही जड जातंय, पण घाबरवायला लिहीत नाहीये, यातलं पुष्कळसं टाळता येतं म्हणून लिहितेय. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न: डॉक्टर मॅडम नमस्कार, वय ५२, शुगर १९ वर्षांपासून, अडीच वर्षं डायलिसिस केलं आणि सात महिन्यांपूर्वी बायकोने किडनी दिली. क्रिएटिनिन १.२ आहे, लघवी भरपूर होते, जेवण जातं, ऑफिसला पण जायला लागलोय. आता आमचे डॉक्टर म्हणतात टूडी इको करा आणि एक स्ट्रेस टेस्ट करा. माझ्या छातीत कधीच दुखलेलं नाही. घरचे म्हणतात सगळं छान चाललंय तर कशाला उगाच टेस्टच्या मागे लागायचं. तुमचं काय मत?

उत्तर: दादा, आधी वहिनींना माझा नमस्कार सांगा. आणि टेस्ट करा, अगदी नक्की करा.

असं बघा, किडनी बंद पडायच्या आधीची काही वर्षं आणि डायलिसिसची अडीच वर्षं, या सगळ्या काळात तुमचं हृदय काय काय सोसत होतं. बीपी चढलेलं, दोन डायलिसिसच्या मधे अंगात साठलेलं पाणी ढकलायचं, त्यात हिमोग्लोबिन कमी म्हणजे तेवढंच काम करायला जास्त रक्त फिरवायचं. व्यायाम करून दंड जसा जाड होतो तशी हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते, पण इथली जाडी कामाची नसते, भिंत कडक होते आणि कप्पा नीट सैल पडून भरत नाही. शिवाय किडनी काम करत नसली की फॉस्फरस आणि कॅल्शियमचा हिशोब बिघडतो आणि कॅल्शियम रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जाऊन बसतं. आणि या सगळ्याच्या खाली १९ वर्षांची शुगर आहेच.

नवी किडनी आली की यातलं बरंच सुधारतं हे खरं. पाणी साठत नाही, हिमोग्लोबिन वर येतं, जाड झालेली भिंत बऱ्याच जणांची हळूहळू थोडी उतरते, आणि पंपिंग कमी झालेल्या काही पेशंट्सचं तर इतकं सुधारतं की जुना इको आणि नवा इको शेजारी ठेवले तर एकाच माणसाचे आहेत असं वाटत नाही. पण वाहिन्यांत जमलेलं कॅल्शियम कुठे जात नाही, ते तिथेच राहतं. आणि वर आता ज्या गोळ्यांमुळे किडनी टिकतेय त्या गोळ्यांचाही हृदयावर थोडा भार आहे. टॅक्रोलिमसने शुगर आणि बीपी वाढतं, सायक्लोस्पोरिन असेल तर बीपी आणि कोलेस्टेरॉल, स्टिरॉइडने शुगर, बीपी, वजन तिन्ही, आणि सिरोलिमस-एव्हरोलिमसने कोलेस्टेरॉल बऱ्यापैकी चढतं. हे वाचून कृपा करून एकही गोळी कमी करू नका हां, रिजेक्शन झालं, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारली, तर हृदयाचंही नुकसानच आहे. गोळ्या चालू ठेवायच्या आणि त्यांचा भार मोजत राहायचा, त्याच्यासाठीच डॉक्टर टेस्ट सांगतायत.

आता तुमच्या मेलमधलं ते वाक्य, "छातीत कधीच दुखलेलं नाही." बराच काळ शुगर असली की पायाच्या नसा बधिर होतात हे तुम्हाला माहिती असेल, तशाच हृदयाकडून दुखण्याचा निरोप आणणाऱ्या नसाही बोथट होतात. म्हणजे हृदयाला रक्त कमी पडतंय पण दुखत नाही. माझ्या ओपीडीत एक काका यायचे, ट्रान्सप्लांटला वर्ष होत आलेलं, फाइल अगदी व्यवस्थित. उठताना खुर्चीवरच वाकून बुटाची लेस बांधायला लागले आणि मधेच थांबून श्वास घेतला, परत वाकले, परत थांबले. मी विचारलं तर म्हणाले वजन वाढलंय ना स्टिरॉइडने म्हणून होतं. ईसीजी काढला तर जुन्या अ‍ॅटॅकची खूण होती, कधी येऊन गेला त्यांना पत्ताच नाही. नंतर खोदून खोदून विचारलं तेव्हा आठवलं की दीड-दोन महिन्यांपूर्वी एका रात्री खूप घाम आला होता आणि मळमळलं होतं, अ‍ॅसिडिटी समजून गोळी घेऊन झोपले होते.

म्हणून तुम्ही दुखण्याची वाट बघू नका. जे दोन जिने मागच्या महिन्यात सहज चढत होता तिथे आता थांबावं लागतंय का, उताणं झोपलं की श्वास अपुरा पडतो का, घोट्यावर सूज, कारण नसताना आलेला प्रचंड थकवा, जबडा किंवा खांदा भरून येणं, कारण नसताना शुगर एकदम वर जाणं, हे सगळं हृदयाचं बोलणं असू शकतं. आणि घाम आला की डायबेटिसचा पेशंट साखर खायला धावतो, बरोबर आहे, पण आधी ग्लुकोमीटरवर बघा, शुगर नॉर्मल असूनही घाम आणि मळमळ थांबत नसेल तर ती हायपो (शुगर फार खाली जाणं) नाही, सरळ इमर्जन्सीला जायचं आणि तिथे पहिल्या वाक्यातच सांगायचं की मला डायबेटिस आहे, किडनी ट्रान्सप्लांट झालंय, ईसीजी काढा.

इकोत डाय (वाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचतात ते औषध) लागत नाही, सुई नाही, सोनोग्राफीच आहे हृदयाची, किडनीला काही होत नाही. स्ट्रेस टेस्टचं म्हणाल तर पायात ताकद कमी असेल, नसा बधिर असतील तर ट्रेडमिलवर तुम्ही पुरेसं धावूच शकणार नाही आणि टेस्ट अर्धवट राहील, तर डॉक्टरांना विचारा की इंजेक्शन देऊन करतात ती स्ट्रेस इको किंवा थॅलियम (हृदयाला रक्त कुठे कमी पडतंय ते दाखवणारं स्कॅन) करता येईल का.

प्रश्न: आईचं वय ६१. डायलिसिसवर असताना इन्सुलिन जवळजवळ बंद झालं होतं, आम्हाला वाटलं शुगर बरी झाली. चार महिन्यांपूर्वी ट्रान्सप्लांट झालं आणि आता सकाळी उपाशीपोटी ११५ आणि संध्याकाळी ३०० च्या पुढे! एचबीएवनसी ६.४ आलंय, म्हणजे लॅबची चूक आहे का? का नवी किडनी खराब होतेय? हृदयावर परिणाम होईल का? मी मुलगी, मीच सगळं बघते.

उत्तर: ताई, शुगर वाढली म्हणजे किडनी खराब होतेय असं अजिबात नाही. उलट यातला एक भाग तर किडनी चांगली चालल्यामुळेच आहे. शरीरातलं इन्सुलिन मोडून बाहेर काढायचं बरंचसं काम किडनी करते, ती बंद पडली की तेच इन्सुलिन जास्त वेळ रक्तात राहतं, शिवाय त्या दिवसांत भूकही मेलेली असते, म्हणून डोस कमी होत होत बंद होतो आणि सगळ्यांना वाटतं शुगर गेली. ती गेलेली नसते. आता किडनी आली, ती इन्सुलिन भराभर साफ करते, आईंची भूक परत आली, त्यात स्टिरॉइड, त्यात टॅक्रोलिमस जे स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटणंच कमी करतं. चारही गोष्टी एकदम.

सकाळ-संध्याकाळचा फरक पण त्यामुळेच. स्टिरॉइडची गोळी सकाळी घेतात, तिचा जोर दुपारनंतर दिसतो आणि पहाटेपर्यंत ओसरतो. म्हणून नुसती उपाशीपोटीची शुगर बघून सगळं ठीक आहे असं समजलं तर फसायला होतं. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी, हे दोन आकडे रोज लिहा, आणि डॉक्टरांना ते दाखवा, त्यावरून ते सकाळी द्यायचं इन्सुलिन बसवतील.

एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी टेस्ट, लॅबने चुकीची केलीय असं नाही. ती टेस्ट लाल पेशींवर चिकटलेली साखर मोजते, पेशी जितकी जुनी तितकी साखर जास्त. ऑपरेशनच्या वेळी रक्त चढवलं असेल, हिमोग्लोबिनची इंजेक्शनं चालू असतील, नवीन किडनीमुळे नव्या पेशी जोरात तयार होत असतील तर आईंच्या अंगात सगळ्या तरुण पेशी, मग आकडा खोटा कमी येतो. पहिले तीन महिने तर त्याच्यावर विसंबायचंच नाही, आणि नंतरही घरच्या आकड्यांशी जुळत नसेल तर घरचे आकडे धरायचे.

हृदयासाठी शुगर आटोक्यात हवीच, पण वेड्यासारखी खाली ओढू नका. एकदम ५५-६० ला गेली की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि ज्यांच्या नसा बोथट झाल्यात त्यांना हायपोची चाहूलही लागत नाही. आणि एक, आजकाल शुगरच्या ज्या नव्या गोळ्या लघवीतून साखर काढतात त्यांच्याबद्दल बरेच जण विचारतात. हार्ट फेल्युअर आणि किडनीसाठी त्या सर्वसाधारण पेशंट्समध्ये खरंच उपयोगी ठरल्यात, पण ट्रान्सप्लांट झालेल्यांवरचा अनुभव अजून कमी आहे, आणि इम्युनिटी मुद्दाम दाबलेली असताना लघवीच्या जागेचं इन्फेक्शन आणि अंगातलं पाणी कमी होणं हा धोका आहे, पहिल्या काही महिन्यांत तर बहुतेक डॉक्टर टाळतातच. शुगरसाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या नव्या इंजेक्शनांचंही तसंच, वजनाला आणि हृदयाला चांगली, पण उलट्या सुरू झाल्या तर रिजेक्शन टाळायच्या गोळ्या पोटात टिकणार नाहीत. मेटफॉर्मिन द्यायचं की नाही हे किडनीच्या फंक्शनवर, ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून काढलेला किडनीच्या कामाचा आकडा) ३० च्या खाली असेल तर द्यायचंच नाही. तेव्हा ओळखीतल्या कुणाला लागू पडलं म्हणून आईंना देऊ नका, ट्रान्सप्लांटच्या टीमला विचारूनच.

प्रश्न: घरी बीपी १५०-१५५ येतं, ओपीडीत १३०. आणि बिछान्यातून उठलो की डोळ्यापुढे अंधारी येते, एकदा पडलोही. गोळी वाढवली की जास्त अंधारी येते म्हणून मी अर्धी करून घेतो. बीपी नक्की किती पाहिजे? (वय ५८, ट्रान्सप्लांट २ वर्षं)

उत्तर: काका, अर्धी करणं आधी थांबवा आणि या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा. पडलात हे त्यांना सांगितलंय का? मेलवरून वाटतंय सांगितलेलं नाही.

केडिगो या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२१ च्या गाइडलाइनप्रमाणे ट्रान्सप्लांटच्या पेशंटचं बीपी १३०/८० च्या खाली ठेवायचं असतं. पण तुमच्या बाबतीत झोपलेलं बीपी आणि उभं राहिल्यावरचं बीपी या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. उभं राहिलं की पायाकडच्या वाहिन्या आपोआप आवळायला हव्यात, ते काम ज्या नसा करतात त्याच डायबेटिसने बिघडल्यात, त्यामुळे आडवे असताना १५५ आणि उभं राहिल्यावर १२० असं होऊ शकतं. हे मोजायचं कसं तर पाच मिनिटं आडवे पडा, बीपी घ्या, मग उभे राहा आणि एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत घ्या, शेजारी कुणीतरी असू द्या. वरचा आकडा २० किंवा जास्त पडत असेल तर डॉक्टर गोळीची वेळ बदलतील, गोळीच बदलतील, कदाचित प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर ती बघतील कारण त्यातल्या काही गोळ्यांनी हेच होतं. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेल्या) हातावर मात्र मोजायचं नाही.

गोळ्यांमध्ये अ‍ॅम्लोडिपिनच्या जातीच्या किंवा लोसार्टन-टेल्मिसार्टनच्या जातीच्या गोळ्या पहिल्यांदा वापरतात. दुसऱ्या प्रकारात पोटॅशियम वाढू शकतं, आणि टॅक्रोलिमसनेही वाढतं, म्हणून सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघावंच लागतं. ही गोळी चालू केल्यावर क्रिएटिनिन एकदम उडी मारून वर गेलं, किंवा तीन-चार गोळ्या घेऊनही बीपी ऐकत नसेल, किंवा अचानक फुप्फुसात पाणी झालं तर नव्या किडनीला रक्त नेणारी वाहिनी अरुंद झालीय का हे डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून बघतात, ती सापडली तर उपाय आहे. डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल कुणी लिहून दिलं तर ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना लगेच कळवा, त्याने टॅक्रोलिमसची लेव्हल वाढते.

तुम्ही वहीचा फोटो जोडलाय. क्रिएटिनिनच्या रकान्याला लाल पेनाने चौकटी केल्यात आणि बीपीचा रकाना मार्चपासून कोरा आहे. तो भरा काका. सकाळी गोळीच्या आधी दोनदा, रात्री दोनदा, भेटीच्या आधीचा एक आठवडा लिहिलात तरी डॉक्टरांना पुरतं. आणि मीठ, सगळं धरून दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा चमचा, पॅकेटमधल्या पदार्थांतलं पण त्यातच मोजायचं, फक्त अंधारीचं नीट निदान होईपर्यंत मीठ आणखी कमी करायचं की नाही हे डॉक्टरांनाच ठरवू दे.

प्रश्न: माझ्या मिस्टरांची स्ट्रेस टेस्ट थोडी पॉझिटिव्ह आलीय. कार्डिओलॉजिस्ट म्हणतात अँजिओग्राफीचा विचार करू, नेफ्रोलॉजिस्ट म्हणतात डायमुळे किडनीला धोका आहे, थांबू. आम्ही मधल्या मधे अडकलोय. त्यांना त्रास काहीच नाही. नवीन किडनी गेली तर परत कोण देणार?

उत्तर: ताई, तुमची भीती मी समजू शकते, आणि खरं सांगायचं तर दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त त्यांनी तुमच्या मार्फत बोलायच्या ऐवजी एकमेकांशी फोनवर बोलायला हवं, आणि ते तुम्ही हक्काने मागा.

आधी एक फरक लक्षात घ्या. अ‍ॅटॅक चालू आहे, किंवा बसल्या जागी त्रास होतोय, ईसीजी बदलतोय, तर डायचा विचार करत बसायचं नाही, तिथे अँजिओग्राफीला उशीर झाला तर हृदयही जाईल आणि रक्तदाब पडून किडनीही जाईल. मिस्टरांचं तसं नाहीये, त्यांचं स्थिर आहे. अशा स्थिर पेशंट्सवर, ज्यांची किडनी खूपच खराब आहे किंवा जे डायलिसिसवर आहेत, २०२० मध्ये इस्केमिया-सीकेडी नावाचा अभ्यास छापून आला, ७७७ पेशंट होते, अर्ध्यांना लगेच अँजिओग्राफी आणि गरज असेल तर स्टेंट किंवा बायपास, अर्ध्यांना आधी फक्त औषधं. मृत्यू किंवा अ‍ॅटॅक कमी होण्यात लगेच अँजिओग्राफी केल्याचा फायदा दिसला नाही. हा अभ्यास ट्रान्सप्लांटनंतरच्या पेशंट्सवरचा नाही त्यामुळे जसाच्या तसा लावता येत नाही, पण एवढं कळतं की त्रास नसलेल्या माणसाला औषधं नीट देऊन, बीपी-शुगर-कोलेस्टेरॉल आवळून, थांबून बघणं म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. टेस्टमध्ये खूप मोठा भाग रक्ताविना दिसत असेल, पंपिंग कमी झालेलं असेल तर गणित बदलतं. "थोडी पॉझिटिव्ह" म्हणजे नक्की किती, हे दोघांना विचारा.

करायची ठरलीच तर घाबरून जाऊ नका, डाय कमीत कमी वापरता येतो, आधी-नंतर सलाइन देतात (पंपिंग कमी असेल तर जपून), मेटफॉर्मिनसारखी औषधं थोडे दिवस थांबवतात, आणि ४८ ते ७२ तासांनी क्रिएटिनिन बघतात. बऱ्याच जणांचं थोडं वाढून परत खाली येतं. एक गोष्ट टेबलवर जायच्या आधी तुम्ही स्वतः सांगा, किडनी कुठल्या बाजूला बसवलीय ते. नवी किडनी ओटीपोटात बहुतेक वेळा पायाकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीला जोडतात, तेव्हा मांडीतून नळी घालायची झाली तर दुसऱ्या बाजूने घातलेली बरी. हाताने करणार असतील तर फिस्टुलाचा हात सोडून. स्टेंट बसला तर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या) कुणीही सांगितलं, दात काढायचाय म्हणून, किडनीची बायोप्सी करायचीय म्हणून, तरी कार्डिओलॉजिस्टना विचारल्याशिवाय बंद करायचं नाही.

प्रश्न: कोलेस्टेरॉलची गोळी घ्यायला लागल्यापासून मांड्या दुखतात. बंद केली तर चालेल का? रिपोर्ट आता नॉर्मल आहे.

उत्तर: रिपोर्ट गोळीमुळे नॉर्मल आहे. ट्रान्सप्लांटच्या २१०२ पेशंट्सवर फ्लुव्हास्टॅटिन या स्टॅटिन जातीच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीचा अ‍ॅलर्ट नावाचा अभ्यास झाला होता, २००३ मध्ये छापून आला, त्यात हृदयाने होणारे मृत्यू आणि जीवघेणे नसलेले अ‍ॅटॅक गोळी घेणाऱ्यांमध्ये कमी दिसले, म्हणून ही गोळी सहजासहजी सोडायची नाही. पण स्नायूदुखीकडे दुर्लक्षही करायचं नाही. तुम्ही सायक्लोस्पोरिनवर आहात का ते लिहिलेलं नाही, असाल तर महत्त्वाचं आहे, त्याने स्टॅटिनची रक्तातली लेव्हल खूप वाढते, सिम्व्हास्टॅटिन तर त्याच्याबरोबर द्यायचंच नसतं आणि बाकीच्यांचाही डोस अगदी कमी ठेवतात. टॅक्रोलिमसबरोबर हा प्रश्न कमी आहे. दुखण्याबरोबर लघवी गडद कोलाच्या रंगाची झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा. नुसतंच दुखत असेल तर सीपीके ही स्नायूंची झीज दाखवणारी रक्ताची टेस्ट करून घ्या, डॉक्टर दुसरी स्टॅटिन किंवा एझेटिमाइब देतील. मधेच घसा धरला म्हणून मेडिकलमधून क्लॅरिथ्रोमायसिन आणून घेतलं, असं करू नका, टॅक्रोलिमस आणि स्टॅटिन दोन्हीच्या लेव्हल चढतात. ग्रेपफ्रूट आणि पपनसानेही चढतात. आणि दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, पॅरासिटामॉल घ्या.

प्रश्न: किडनी छान चालू आहे, तीन वर्षं झाली. हातातला फिस्टुला अजून खूप मोठा आहे, फुगलाय, रात्री उशीवर हात ठेवला की कानात घूं घूं ऐकू येतं. बंद करावा का? कुणी म्हणतं ठेवा, परत डायलिसिस लागलं तर उपयोगी पडेल.

उत्तर: दोन्ही म्हणण्यात तथ्य आहे. फिस्टुलावर तळवा ठेवलात की जे थरथरतं ना, ते हृदयाने ढकललेलं रक्त आहे, आणि ते बोटांपर्यंत न जाता शॉर्टकटने परत हृदयाकडे येतंय. छोटा फिस्टुला असेल तर हृदय ते सहज पेलतं. मोठा, जास्त फ्लोचा असेल तर हृदय दिवसरात्र जादा काम करतं, त्याने कप्पे मोठे होऊ शकतात, हार्ट फेल्युअरही होऊ शकतं. २०१९ मध्ये सर्क्युलेशन या जर्नलमध्ये एक अभ्यास आला, किडनी स्थिर असलेल्या ट्रान्सप्लांट पेशंट्सपैकी ज्यांचा फिस्टुला बंद केला त्यांच्या हृदयाची भिंत एमआरआयवर स्पष्ट उतरलेली दिसली, ज्यांचा ठेवला त्यांची तशीच राहिली.

तुम्ही डॉपलरवर फ्लो मोजून घ्या आणि इको करा. दम लागत असेल, डावा कप्पा मोठा असेल, फ्लो खूप असेल आणि किडनी स्थिर असेल तर बंद करायचं किंवा निदान अरुंद करायचं हे सर्जनशी बोलण्यासारखं आहे. इको नॉर्मल, फ्लो बेताचा आणि किडनीचं काही डळमळीत असेल तर राहू दे.

प्रश्न: माझी बहीण ३४ वर्षांची, टाइप १ डायबेटिस वयाच्या नवव्या वर्षापासून, आता डायलिसिस. किडनी आणि पॅनक्रियाज एकत्र बसवायचं सुचवलंय. त्याने हृदयाचा धोका संपतो का?

उत्तर: संपत नाही, पण कमी व्हायची चांगली शक्यता आहे. हे ऑपरेशन पहिल्यांदा १९६६ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात झालं, आता बरंच सुरक्षित झालंय. पॅनक्रियाज चांगलं लागलं तर इन्सुलिन बंद होतं, हायपोची टांगती तलवार जाते, आणि वर्षानुवर्षं शुगर नॉर्मल राहिल्याने नसा आणि वाहिन्यांची झीज मंदावते, काहींची थोडी भरूनही येते. पण बहिणीच्या अंगात २५ वर्षांची शुगर मुरलेली आहे, आणि हे ऑपरेशन नुसत्या किडनीपेक्षा मोठं आणि लांबलचक असतं, त्याचा सगळा ताण हृदयावर येतो. म्हणून आधी हृदयाची तपासणी कडक होणार, वय ३४ आहे म्हणून सूट मागू नका. नंतर बऱ्याच तरुण पेशंट्सचं होतं असं की शुगर नॉर्मल दिसली की स्टॅटिन, बीपीची गोळी, पाय तपासणं सगळं सुटतं. ते सुटू देऊ नका, तुम्ही लक्ष ठेवा. सिगरेटचा प्रश्न असेल तर आत्ताच सुटायला हवी, ऑपरेशनच्या आधी.

प्रश्न: चालायला कधी सुरू करू? सहा आठवडे झालेत, घरचे उठूच देत नाहीत.

उत्तर: चालायला तर तुम्ही हॉस्पिटलातच सुरू केलं असणार, तेच वाढवा. रोज दहा मिनिटांपासून, दर आठवड्याला थोडं थोडं करत आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्या, एवढ्या वेगाने की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. जड उचलणं अजून नको, सर्जन सांगतील तेव्हा. पाय बधिर असतील तर अनवाणी नाही, आणि घरी आल्यावर तळवे बघायचे. घरच्यांना हे उत्तर वाचायला द्या.

प्रश्न: मॅडम, नाव छापू नका. वय ४६, ट्रान्सप्लांटला दीड वर्ष. वैवाहिक संबंधात अडचण येतेय. मित्राने एक गोळी दिलीय, घेऊ का? डॉक्टरांना विचारायची लाज वाटते, तिथे कायम चार लोक उभे असतात.

उत्तर: विचारलंत हे फार चांगलं केलंत, असे अजून तीन मेल आलेत, तुम्ही एकटे नाही. शुगर, बीपीच्या गोळ्या, नसा, मनातली भीती, सगळ्याचा यात हात असतो आणि बहुतेक वेळा उपाय निघतो. पण मित्राची गोळी आत्ता घेऊ नका. ही अडचण कित्येकदा हृदयाच्या वाहिन्यांच्या आजाराची आधी दिसणारी खूण असते, कारण तिथल्या वाहिन्या बारीक असतात आणि आधी तुंबतात. तेव्हा पहिलं काम ईसीजी आणि हृदयाची तपासणी, मग गोळी, आणि तीही कमी डोसने.

आणि हे अगदी लक्षात ठेवा. जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी किंवा नायट्रेटचं कुठलंही औषध चालू असेल तर सिल्डेनाफिल-टाडालाफिल घ्यायचंच नाही, दोन्ही एकत्र आलं तर बीपी इतकं पडतं की जीव जाऊ शकतो. प्रोस्टेटची किंवा बीपीची काही ठरावीक औषधं असतील तरी आधी सांगायचं. समजा गोळी घेतलेली आहे आणि छातीत किंवा जबड्यात काहीतरी व्हायला लागलं, दम लागला, तर इमर्जन्सीच्या डॉक्टरांना गोळीचं नाव आणि किती वाजता घेतली ते सांगायचं, सिल्डेनाफिल असेल तर २४ तास आणि टाडालाफिल असेल तर ४८ तास ते नायट्रेट देणार नाहीत, दुसरं औषध देतील. तिथे चार लोक असले तरी सांगायचं. आणि ओपीडीत बोलायला जमत नसेल तर एका चिठ्ठीवर लिहून फाइलच्या पहिल्या पानाला लावा आणि फाइल डॉक्टरांच्या हातात द्या. माझ्याकडे असं करणारे बरेच जण आहेत, मी चिठ्ठी वाचते आणि बाकीच्यांना बाहेर थांबायला सांगते.